‘रक्त आपल्या माणसांसाठी राखून ठेवा’ म्हणे!

गेल्या आठवड्यात आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप गटावर थोरल्या ताईने एक लांबलचक मजकूर टाकला. रक्तदानाने कायमचा अशक्तपणा येतो, मुलींनी तर रक्त देऊच नये, शिबिरातल्या सुईने एड्स होतो, रक्तपेढ्या फुकट मिळालेले रक्त विकून गब्बर होतात, तेव्हा ‘आपले रक्त आपल्या माणसांसाठी राखून ठेवा, वेळ आली की द्या’, असे त्यात होते. एरवी मी असले काही न वाचताच पुसून टाकतो; परंतु नुकतीच अठरा वर्षांची झालेली माझी भाची ते वाचून महाविद्यालयातील शिबिराच्या यादीतून नाव काढून आली, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

सर्वांत घातक मुद्दा शेवटचा, कारण तो शहाणपणाचा वाटतो. बाळंतपणात एखादीला अतिरक्तस्राव सुरू झाला की मिनिटे मोजावी लागतात, आणि नवऱ्याच्या दंडातून काढलेले रक्त तिला तसेच चढवता येत नाही. एचआयव्ही, ‘ब’ व ‘क’ कावीळ, सिफिलिस आणि हिवताप यांच्या तपासण्या, रक्तगट आणि जुळवणी यांत काही तास जातात. तिला वाचवणारी पिशवी कोणा अनोळखी माणसाने आधीच देऊन ठेवलेली असावी लागते. शिवाय सख्ख्या नातेवाइकाच्या रक्तातील पांढऱ्या पेशी क्वचित रुग्णाच्या शरीरावरच उलटतात आणि मग जीव वाचणे फार कठीण होते. त्यामुळे असे रक्त द्यायचेच झाले तर त्यावर आधी किरणांची प्रक्रिया करावी लागते. आणि थॅलेसेमिया या जन्मजात आजारामुळे सतत रक्त चढवून घ्यावे लागणाऱ्या मुलाने काय करावे? दर तीन आठवड्यांना एक पिशवी धरली तरी वर्षाला सतरा होतात, तर नव्वद दिवसांचे अंतर पाळणारा पुरुष वर्षात फार तर चार वेळा रक्त देऊ शकतो. बाईसाठी हे अंतर एकशेवीस दिवसांचे आहे. गट जुळणारे इतके काका-मामा कोणाच्या घरी असतात?

‘आपापले बघा’ ही व्यवस्था आपल्याकडे होऊन गेली आहे. ज्यांना नातेवाईक मिळत नसत, ते पैसे मोजून धंदेवाईक दात्यांचे रक्त घेत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९६ मध्ये ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर निकाल दिल्यानंतर १ जानेवारी १९९८ पासून तो प्रकार बंद झाला. ऐच्छिक रक्तदाते नसतील, तर तो चोरवाटेने परत येईल.

अशक्तपणाचे म्हणाल, तर अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते आणि पिशवीत ३५० किंवा ४५० मिलिलिटर जाते. त्यातील द्रवभाग एक-दोन दिवसांत भरून येतो, तांबड्या पेशींना काही आठवडे लागतात. मुलींविषयीच्या मुद्द्यात अर्धे तथ्य आहे, ते मान्य करतो: रक्तक्षय त्यांच्यात पुष्कळ आढळतो. पण म्हणूनच तर आधी बोटाला टोचून रक्ताचा थेंब मोरचुदाच्या निळ्या द्रावणात सोडतात. थेंब बुडाला तर हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर आहे असे समजतात. तरंगत राहिला तर रक्त न घेताच घरी पाठवतात. वजनही किमान ४५ किलो लागते. सुईविषयी एवढेच, की ती पिशवीच्या नळीला जोडलेलीच येते, प्रत्येकासाठी नवी असते आणि नंतर नष्ट केली जाते.

विक्रीच्या आरोपावर मात्र मला थोडे नमते घ्यावे लागेल. रक्ताची किंमत घेता येत नाही. तपासणी व साठवणीचे शुल्क घेता येते आणि त्याला मर्यादा घातलेली आहे. तरीही काही ठिकाणी जास्त पैसे उकळले जातात, तेव्हा पावती मागावी आणि तक्रार करावी. महाराष्ट्रात थॅलेसेमिया, सिकलसेल आणि हिमोफिलिया या रक्ताच्या आजारांच्या रुग्णांना रक्त विनामूल्य मिळते, हे मात्र त्या मजकुरात सोयीस्करपणे गाळले आहे.

खरी तक्रार करायची तर वेगळीच आहे. नेत्यांच्या वाढदिवसाच्या फलकांखाली एकाच आठवड्यात शिबिरांची जत्रा भरते. पिशवीतल्या तांबड्या पेशी जेमतेम ३५ ते ४२ दिवस टिकतात, म्हणून तेव्हाचे रक्त पुढे साठवून ठेवता येत नाही. आणि मे महिन्यात महाविद्यालये बंद झाली, लोक गावी गेले, की रुग्णांचे नातेवाईक एका रक्तपेढीकडून दुसरीकडे फोन लावत बसतात. म्हणूनच भाचीच्या महाविद्यालयातील शिबिर नेमके परीक्षा संपल्यावर, सुट्टीच्या तोंडावर ठेवले होते.