फोन कुणाला लावायचा?

काकांनी घरच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला. फूटपाथवर नशेत कमरेत दुमडून उभी, जागच्या जागी डुलणारी माणसं, मागे दुकानांची बंद शटर आणि खाली ओळ : ‘ही बघा तुमची अमेरिका. सैल सोडलं की असं होतं.’ व्हिडिओ फिलाडेल्फियातल्या केन्सिंग्टनचा होता. मी राहतो ओरेगन राज्यात पोर्टलंडच्या शेजारी, तिथून चारेक हजार किलोमीटर लांब. तेवढं लिहून सुटता आलं असतं. पण ऑफिसला जाताना पोर्टलंडच्या ओल्ड टाउनच्या थांब्यावर मी गेली काही वर्षं हेच बघत आलोय, म्हणून गप्प बसलो.

काकांचा रोख अमेरिकेवर नव्हताच म्हणा. सांगलीतल्या भांडणात त्यांना एक दगड हवा होता, तो त्यांनी इथून उचलला. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुपवाडमधून शंभर किलोच्या वर एमडी, म्हणजे मेफेड्रोन हे ड्रग, उचललं. महिनाभरातच मुंबई पोलिसांनी कवठेमहांकाळ तालुक्यातल्या इरळीत कारखानाच पकडला. जानेवारी २०२५ मध्ये विट्याजवळ कार्वे एमआयडीसीत आणखी एक सापडला, तो सांगलीच्या एलसीबीने, म्हणजे स्थानिक गुन्हे शाखेने. हळदीचा नि द्राक्षांचा जिल्हा, आणि शेडमध्ये हे शिजतंय. तेव्हापासून घरी, कट्ट्यावर, लग्नाच्या पंगतीत एकच वाद. एक बाजू म्हणते, ठोका, एन्काउंटर करा, बुलडोझर घाला. दुसरी म्हणते, पोरांना जेलमध्ये घालून काय मिळणार, उपचार द्या. दोघांनाही माझी साक्ष हवी असते, कारण मी ‘तिकडे’ राहतो.

तर तिकडचं आधी सांगतो.

नोव्हेंबर २०२० मध्ये ओरेगनच्या मतदारांनी ११० क्रमांकाचा ठराव थेट मतदानाने मंजूर केला, ५८ टक्के मतांनी. इथे मतपत्रिका टपालाने घरी येते. सोबत जाडजूड पुस्तिका असते, प्रत्येक ठरावाच्या बाजूने आणि विरोधात कोण काय म्हणतं ते छापलेलं. मला मत नाही, पासपोर्ट अजून अशोकस्तंभाचाच आहे. पण शेजाऱ्याची पुस्तिका मी आणून वाचली होती. फेब्रुवारी २०२१ पासून स्वतःपुरतं ड्रग खिशात सापडलं तर अटक नाही, शंभर डॉलर दंडाची पावती. हेल्पलाइनला फोन करून तपासणी करून घेतली की पावती माफ. गांजावरच्या कराचा पैसा उपचाराला. मी तेव्हा याच्या बाजूचा होतो आणि काकांशी यावरून भांडलोही होतो.

पावत्या फाडणं ताबडतोब सुरू झालं. उपचाराचा बहुतेक पैसा संस्थांपर्यंत पोचायला मात्र वर्षाच्या वर गेलं. पहिल्या सव्वा वर्षात हेल्पलाइनला सव्वाशेसुद्धा फोन आले नाहीत, हे राज्याच्याच लेखापरीक्षणात निघालं. पावती लोक चुरगाळून तिथेच टाकायचे. नेमक्या त्याच काळात पश्चिम किनाऱ्यावर फेंटानिल उतरलं, ओपिऑइड म्हणजे अफूच्या जातीचं जहाल ड्रग. ओपिऑइडच्या अतिमात्रेने ओरेगनमध्ये २०१९ साली २८० माणसं गेली होती, २०२२ साली ९५६. यात ठरावाचा वाटा किती आणि फेंटानिलचा किती, यावर अभ्यासकांचं अजून जुळत नाही. मला विचाराल तर फेंटानिलचा फार मोठा. पण मतदाराला असला हिशेब दिसत नाही, त्याला बाकावरचा माणूस दिसतो.

मलाही एक दिसला. वीस-बावीस वर्षांचा पोरगा, जॅकेट डोक्यावर ओढून आत फॉइलवर निळी गोळी तापवत नळीने धूर ओढत होता. ट्रेनला सात मिनिटं होती. तेवढ्यात तो बाकावरून घसरला, ओठ राखाडी पडले. एका बाईने पर्समधून नार्कनचा, म्हणजे अतिमात्रा उतरवणाऱ्या औषधाचा, स्प्रे काढून त्याच्या नाकात मारला. आपल्याकडे बायकांच्या पर्समध्ये अमृतांजन असतं तसा इथे आता तो असतो. मी ९११ ला, इथल्या आणीबाणीच्या नंबरला, फोन लावला. ॲम्ब्युलन्स आली, अग्निशमनची गाडी आली, मागोमाग दोन पोलीस आले. पोरगा उठून बसला, सगळ्यांना शिव्या घातल्या, ‘मला कुठं यायचं नाही’ म्हणाला आणि एक बूट तिथेच टाकून चालायला लागला. पॅरामेडिक मला म्हणाला, तो शुद्धीवर आहे, नको म्हणतोय, आम्ही नेऊ शकत नाही. संध्याकाळी परत आलो तेव्हा बूट बाकाखालीच होता.

एका फोनवर सगळे आले होते, आणि त्याला धरून ठेवायचा अधिकार कुणालाच नव्हता. हे पोर्टलंडचं दुखणं. फूटपाथ शहराचा, नदीवरचा बर्नसाइड पूल काउंटीचा (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी), हायवेची कड राज्याची. एकच तंबू दहा पावलं सरकला की त्याचा मालक बदलतो. पोलीस महापौरांकडे, तुरुंग, आरोग्य खातं आणि निवाऱ्यांचा बराचसा कारभार काउंटीकडे, खटला भरायचा की नाही हे ठरवणारा सरकारी वकील वेगळाच, तोही निवडून आलेला. आमचं घर बीव्हरटनला, म्हणजे शेजारच्या काउंटीत. ट्रेनने अर्धा-पाऊण तास. काउंटी बदलली की वकील बदलतो. इथले बहुतेक मराठी लोक याच बाजूला राहतात आणि पोर्टलंडबद्दल असं बोलतात जसं आपण सांगलीत बसून मुंबईबद्दल बोलायचो.

मे २०२० मध्ये बेघरांच्या सेवांसाठी वेगळा आयकर मंजूर झाला : नवरा-बायकोच्या मिळून दोन लाख डॉलरच्या वरच्या उत्पन्नावर एक टक्का. ज्यांना बसतो ते कुरकुरतात. गंमत अशी, की पैसा अंदाजापेक्षा जास्त जमला आणि पहिली काही वर्षं काउंटीला तो वेळेत खर्चच करता आला नाही. बाहेर पावसात तंबू, आत तिजोरीत शिल्लक. शिवाय घरभाडं असं की एक पगार चुकला की माणूस गाडीत झोपायला लागतो. सगळे बेघर नशेडी हे काकांचं मत इथल्या रात्रपाळीच्या कामगाराला ऐकवलं तर तो हसेल; पुष्कळांना नशा बेघर झाल्यावर लागते.

आता सांगलीतला फोन.

माझा आतेभाऊ जिमला जायचा. तिथे कुणीतरी त्याला मेफेंटरमाइनचं इंजेक्शन टोचलं. ऑपरेशनच्या टेबलावर रक्तदाब पडला तर द्यायचं औषध ते; पोरं दम वाढवायला घेतात. त्यावरून गोळ्यांवर गेला. एका रात्री टोळक्याबरोबर मारामारीत सापडला आणि ठाण्यात बसवला. आत्याने एकच फोन केला, प्रभागातल्या नगरसेवक दादांना. दादा स्वतः गाडी काढून गेले. दीड तासात पोरगा घरी, बंबात पाणी तापलेलं. आत्या अजून दादांचं नाव हात जोडून घेते. मी तिच्या जागी असतो तर तेच केलं असतं.

पण त्या रात्री त्याच्या खिशात काय होतं, ते कुणी दिलं, कुठल्या दुकानातून आलं, हे कुणी विचारलंच नाही. विचारायला कागद व्हावा लागतो, आणि फोनचा उपयोगच असा की कागद होत नाही. आपल्या १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात कलम ६४-अ आहे : नशेच्या आहारी गेलेला माणूस थोड्या मालासह सापडला आणि स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचाराला तयार झाला, तर त्याच्यावर खटला चालत नाही. म्हणजे ओरेगनवाल्यांनी २०२० साली ज्यासाठी मतदान केलं, त्याचा एक कोपरा आपल्या कायद्यात आधीपासून आहे, आणि तोही उपचाराची अट घालून. आत्याला हे सांगणारं कुणी भेटलं नाही. तिला दादा भेटले. पुढच्या गणपतीत दादांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला. शुभेच्छुकांचे चौदा चेहरे, आतेभाऊ तिसऱ्या रांगेत, गॉगल घालून.

या फोनबद्दल मी जितका विचार करतो तितका गोंधळतो. पोर्टलंडला अशी ओळखीची माणसं नाहीत म्हणून तो बुटाचा पोरगा एकटा चालत गेला. सांगलीत आहेत, म्हणून पोरगं घरी आलं. पण जो फोन पोराला सोडवतो तोच विकणाऱ्यालाही सोडवू शकतो, आणि ठाण्यातल्या माणसाला पलीकडचा आवाज सारखाच ऐकू येतो. कुपवाडचा आणि इरळीचा माल बाहेरच्या पोलिसांनी धरला, यावर काका काही बोलत नाहीत. मी ग्रुपवर एकदा विचारलं होतं. उत्तरादाखल शुभ सकाळचं गुलाबाचं फूल आलं.

आपल्याकडे पोलीस महापालिकेचे नसतात. एसपी गृहखात्याला उत्तर देतो, गृहखातं मुंबईत. ते खातं आमच्याच तासगावच्या आर. आर. आबांकडे होतं, तेव्हा २००५ मध्ये डान्सबार बंद झाले, आणि पुढे बंदी कोर्टात टिकली नाही. म्हणजे कागदोपत्री गुन्हे रोखण्याशी नगरसेवकाचा संबंध नाही, त्याचं काम गटार नि दिव्यापुरतं. प्रत्यक्षात गल्लीत सगळ्यांत जास्त चालतो तो त्याचाच शब्द. याचा पुरावा आपोआप मिळाला. ऑगस्ट २०२३ मध्ये सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत प्रशासक होता. एमडीच्या तिन्ही कारवाया याच मधल्या काळातल्या. सभागृह बंद, प्रश्न विचारायला सभा नाही, ठराव नाही, इतिवृत्त नाही. पण आत्या सांगते, दादा ‘माजी’ झाले तरी त्यांचा फोन तसाच चालायचा.

सांगलीत पोर्टलंडसारखे तंबू का नाहीत, हा काकांचा आवडता प्रश्न. ते संस्कृती वगैरे म्हणतात. मला आत्याच्या घराची मागची खोली आठवते. तिथे आतेभाऊ दीड वर्ष दिवसा झोपून होता. दोन मोबाइल, आत्याची चेन आणि देवघरातली चांदीची समई त्या काळात गेली. मग तीन महिने एका केंद्रात ठेवला. निम्मे पैसे मी पाठवले. दाराला बाहेरून कुलूप, आत दोनदा भजन, डॉक्टर कधी आला ते त्याला आठवत नाही. पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून आहे, म्हणून ज्याला जमतं तो पुणं गाठतो. आत्याला जमलं नाही. तंबू नाहीत याचं श्रेय कुठल्याच पक्षाला देऊ नका, ते अशा मागच्या खोल्यांचं आहे. आणि त्या खोल्या चालवणाऱ्या बायका सत्तरीला आल्यात.

ज्यांना तेवढीही खोली नाही ते मिरज जंक्शनला दिसतात. कर्नाटकातून दवाखान्यासाठी आलेले आणि पैसे संपलेले, गाडीतून चुकून उतरलेले, डोक्यावर परिणाम झालेले. फलाटावर रेल्वेचे पोलीस हाकलतात, बाहेर शहराचे. हद्द ओलांडली की काम झालं. सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये शहरांना सांगितलं होतं, लाख लोकसंख्येमागे शंभर जणांचा, चोवीस तास उघडा निवारा हवा. महापालिकेची लोकसंख्या पाच लाखांवर आहे, हिशेब ज्याचा त्याने करावा. उलट भीक मागणं हा गुन्हा ठरवणारा १९५९ चा कायदा अजून जागेवर आहे.

पोर्टलंडचं पुढे काय झालं ते काकांना मी सांगितलं, पण व्हिडिओ नव्हता म्हणून त्यांनी वाचलं नसावं. मे २०२४ मध्ये काउंटीचा सरकारी वकील माइक श्मिट हरला, त्याच्याच कार्यालयातल्या नेथन व्हास्केझकडून. विधिमंडळाने कायदा फिरवला आणि १ सप्टेंबर २०२४ पासून ड्रग बाळगणं पुन्हा गुन्हा झाला. उपचाराला गेलात तर खटला टळायची वाट ठेवली. त्याच वर्षी शंभरावर वर्षं चाललेली कारभाराची पद्धत मोडून बारा जणांची नवी कौन्सिल निवडून आली, एका विभागातून तिघे. तंबू कमी झालेत. माणसं तेवढी कमी झालीत असं मला थांब्यावर उभं राहून वाटत नाही. पण चार वर्षांत चूक केली, तिचं लेखापरीक्षण छापलं, जबाबदार कोण ते नावानिशी ठरवलं आणि माणूस बदलला. काकांना यातलं ‘पुन्हा गुन्हा’ एवढंच आवडेल. मला लेखापरीक्षण आवडतं.

आपल्याला थेट मतदान जमत नाही असंही नाही. दारूचं दुकान बंद करायला गावातल्या बायकांनी आडवी बाटली केल्याच्या बातम्या वाचत मी मोठा झालो. त्यातली मेख मोठेपणी कळली : आलेल्या मतांच्या निम्मी चालत नाहीत, यादीतल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त लागतात. मुंबईला कामाला गेलेली सूनसुद्धा न येता उभ्या बाटलीला मत देते.

निवडणूक झाल्यावर आत्याचा व्हिडिओ कॉल आला. आमच्या प्रभागात चार नगरसेवक, चौघांचे नंबर तिने सेव्ह केलेत, दादांचाही ठेवलाय. मागे आतेभाऊ पोहे खात होता, मला हात केला. मग ती फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि आवाज खाली आणून म्हणाली, ‘परवा उशिरा आला रे. डोळे तसेच होते. ह्या चौघांतल्या कुणाला लावू?’

मी म्हटलं, लिहून घे, १४४४६, नशामुक्तीची हेल्पलाइन आहे, पैसे पडत नाहीत. तिने पेन शोधलं, कॅलेंडरच्या कडेला आकडे लिहिले आणि विचारलं, ‘हा नंबर कुणाचा?’