‘हे फोटो स्टुडिओतले आहेत’ या प्रतिक्रियेला उत्तर

अंटार्क्टिकाच्या जुन्या मोहिमांच्या फोटोंवरच्या माझ्या लेखाला तुमचे आक्षेप दोन. ध्रुवीय रात्रीत, म्हणजे हिवाळ्यात सूर्य उगवतच नाही त्या काळात, विजेशिवाय, ब्रिटिश शोधक स्कॉटच्या अंटार्क्टिकातल्या केप इव्हान्स इथल्या घरातले फोटो इतके स्वच्छ येणार नाहीत, म्हणजे ते लंडनच्या स्टुडिओतले, हा पहिला. शॅकल्टनच्या मोहिमेतला छायाचित्रकार फ्रँक हर्ले याचा, अंटार्क्टिकाजवळच्या एलिफंट बेटावरच्या सुटकेचा फोटो बनावट, मग बाकीच्यांवर विश्वास का ठेवायचा, हा दुसरा. दुसऱ्यात तथ्य आहे. पहिल्यात नाही.

ते लाकडी घर 50 बाय 25 फुटांचं. थंडी अडवायला भिंतींत गोणपाटात शिवलेलं वाळकं समुद्रशेवाळ, उजेडाला ॲसिटिलीनचे दिवे. जेवायला, लिहायला तो उजेड पुरे. त्या काळी फिल्मच्या जागी वापरायच्या काचेच्या प्लेटला नाही. म्हणून स्कॉटच्या मोहिमेचा छायाचित्रकार हर्बर्ट पाँटिंग मॅग्नेशियमची फ्लॅश पावडर वापरायचा. कॅमेरा तिपाईवर, सगळ्यांना स्तब्ध बसवायचं, भिंग उघडायचं, पावडर पेटवायची, भिंग बंद. प्लेटवर चित्र उमटतं ते मुख्यतः त्या क्षणभराच्या भडक्याने. चेहरे रेखीव येतात, सावल्यांच्या कडा कापल्यासारख्या दिसतात, आणि त्यामुळेच तुम्हाला स्टुडिओ आठवला असावा. 6 जून 1911 ला, ऐन काळोखात, स्कॉटच्या वाढदिवसाच्या जेवणाचा फोटो निघाला तो फ्लॅशवरच.

पावडर जळली की पांढरा धूर होतो आणि बंद घरात तो लवकर निवळत नाही. लगोलग दुसरा फोटो घेतला तर धुरकट येणार. जे साधायचं ते पहिल्याच प्लेटवर, म्हणून माणसं ‘बसवलेली’ वाटतात. बसवलेली आहेतच! पण मग लग्नातले ग्रूप फोटोही बनावट म्हणावे लागतील.

बाहेरून आणलेला कॅमेरा ही वेगळी डोकेदुखी. गार धातूवर आणि काचेवर घरातली वाफ धरते आणि तिचं बर्फ होतं. ते पुसत बसण्यापेक्षा कॅमेरा पेटीसकट बाहेर ठेवलेला बरा.

अंधाराबद्दल तर तुमचा तर्क उलटाच आहे. मिट्ट काळोखात शटर उघडं ठेवलं तरी प्लेट खराब होत नाही, त्यामुळे एकाच प्लेटवर अनेक भडके जमवता येतात. 27 ऑगस्ट 1915 ला हर्लेने बर्फात अडकलेल्या ‘एंड्युरन्स’चा, म्हणजे शॅकल्टनच्या जहाजाचा, रात्रीचा फोटो असाच काढला: बर्फाच्या उंचवट्यांमागे एकेक करून सुमारे 20 फ्लॅश.

आता एलिफंट बेट. बर्फाने चिरडलेलं ‘एंड्युरन्स’ सोडावं लागल्यावर हर्लेने सुमारे 120 प्लेट राखल्या आणि जवळपास 400 फोडल्या, त्या परत उचलायचा मोह नको म्हणून. पुढे हाताशी राहिला खिशातला छोटा कोडॅक कॅमेरा आणि फिल्मचे 3 रोल. एलिफंट बेटावर दगडांच्या बुटक्या भिंतींवर दोन होड्या पालथ्या घालून केलेल्या आडोशात 22 माणसं राहिली. ‘सुटका’ म्हणून छापलेल्या फोटोत किनाऱ्यावरची माणसं हात हलवताहेत ती निरोपासाठी, 24 एप्रिल 1916 ला मदत आणायला ‘जेम्स केर्ड’ ही होडी निघाली तेव्हाची. चिलीच्या ‘येल्चो’ जहाजाने त्यांना सोडवलं 30 ऑगस्टला. निगेटिव्हवर हात फिरवला गेला आणि फोटोखालची ओळ बदलली. फ्लॅश लावणं, माणसं बसवणं आणि प्रसंगच बदलणं या गोष्टी एका मापाने मोजू नयेत. यातली शेवटची फसवणूक आहे, तिथे हर्लेची बाजू मी घेणार नाही.

मूळ लेखात त्या फोटोखाली मीही ‘सुटका’च लिहिलं होतं. आता तिथे ‘जेम्स केर्डला निरोप, 24 एप्रिल 1916’ असं केलं आहे.