मुलुंडला 50, ठाण्याला 40

"ठाणे, नवी मुंबई म्हणजे मुंबईच. भाड्याचे 50 टक्के करमुक्त. फक्त पावत्या द्या. एचआरए नसेल तर सूट विसरा. आणि जुनीच करपद्धत घ्या, नाहीतर भाडं वाया!" आमच्या कोपरखैरण्याच्या सोसायटीत हा मेसेज महिन्यात तिसऱ्यांदा फिरला, म्हणून एचआरएवर, म्हणजे पगारातल्या घरभाडे भत्त्यावर मिळणाऱ्या आयकर सवलतीवर लिहितोय. ही सवलत फक्त जुन्या करपद्धतीत मिळते.

ते 50 टक्के भाड्याचे नव्हेतच, बेसिक पगार आणि डीए (महागाई भत्ता) यांच्या बेरजेचे; खाली 'पगार' म्हणजे ही बेरीज. तीन आकड्यांतला सर्वात लहान करातून सुटतो: मिळालेला एचआरए, भाड्यातून पगाराचा दहावा हिस्सा वजा करून उरेल ते, किंवा पगाराचे 50 नाहीतर 40 टक्के. 2025-26 साठी 50 टक्क्यांत मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बस; बाकी सगळीकडे 40. बघतात ते घर कुठे आहे, ऑफिस नव्हे. मुलुंडला राहून ठाण्यातल्या वागळे इस्टेटला जाणाऱ्याला 50, नवी मुंबईतल्या ऐरोलीहून रोज पूल ओलांडून मुंबईत जाणाऱ्याला 40.

आमच्या मजल्यावरच्या एका मुलाचा हिशोब चहा उकळेपर्यंत पाठकोऱ्या कागदावर मांडला. बेसिक 40,000, डीए नाही, एचआरए 20,000, भाडं 22,000. वर्षाचे आकडे आले 2,40,000, 2,16,000 आणि 40 टक्क्यांनी 1,92,000. सुटणार शेवटचा. त्याचं तोंड उतरलं, पण त्याचा एकूण पगार वर्षाला 9,60,000. नव्या पद्धतीत पगारदाराला 12,75,000 पर्यंत कर शून्य! जुन्या पद्धतीत हा एचआरए, स्टँडर्ड डिडक्शन (पगारदारांची ठरावीक वजावट) आणि पीपीएफ वगैरे गुंतवणुकीच्या वजावटीचे पूर्ण दीड लाख धरूनही 26-27 हजार भरावे लागतात. भाडं 'वाचवायला' गेला असता तर खिशातूनच गेले असते. बारा लाखांच्या बऱ्याच वर पगार असेल तर मात्र दोन्हीकडून मांडून बघा.

पावत्यांचं म्हणाल तर वर्षाचं भाडं लाखाच्या वर गेलं की घरमालकाचा पॅन द्यावा लागतो. मार्चमध्ये एका बैठकीत, एकाच पेनने लिहिलेल्या बारा पावत्या मीही पाहिल्यात. आयकर खात्याने विचारलं तर कामी येतं ते बँकेतून गेलेलं भाडं आणि लिव्ह अँड लायसन्सचा नोंदलेला करार. डिपॉझिट भाड्यात धरू नका.

एचआरए नसलेल्यांना 2025-26 साठी आयकर कायद्याचं कलम 80जीजी आहे, फॉर्म 10बीए भरून, तेही जुन्याच पद्धतीत. राहता किंवा काम करता तिथे स्वतःचं वा बायकोच्या नावावर घर नको. सूट महिन्याला जास्तीत जास्त 5,000. 2016 च्या बजेटात 2,000 चे 5,000 केले, ते तिथेच आहेत. तेवढ्यात घणसोलीच्या गावठाणातली खोलीही मिळायची नाही.