दुखणे थांबले म्हणजे मूल खेळायला तयार झाले, असे नव्हे

आंतरशालेय स्पर्धांचा हंगाम आला की पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश हमखास फिरतो. त्याचा आशय असा: मुलांची हाडे कोवळी असतात, ती आपोआप जुळतात, खेळताना लागले तर आठ दिवस विश्रांती आणि तेलाची मालीश पुरे, दुखणे थांबले की मैदानात उतरवावे, फिजिओथेरपी हा पैसे काढण्याचा धंदा आहे, आमच्या काळी कोणी फिजिओकडे जात नव्हते. वाढत्या वयातल्या खेळाडूंचे पुनर्वसन हेच माझे रोजचे काम असल्यामुळे या संदेशातल्या एकेका मुद्द्याला उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

कोवळी हाडे लवकर जुळतात हे खरे आहे, पण ती कुठे मोडतात हे संदेशात सांगितलेले नाही. मुलांच्या लांब हाडांच्या टोकांशी वाढीची पट्टी, म्हणजे ग्रोथ प्लेट असते; ती कूर्चेची असते आणि मुलींमध्ये साधारण चौदा-पंधराव्या, तर मुलांमध्ये सोळा-सतराव्या वर्षापर्यंत पूर्ण भरून येत नाही. आजूबाजूच्या अस्थिबंधांपेक्षा, म्हणजे हाडांना एकमेकांशी जोडणाऱ्या लिगामेंटपेक्षा, ही पट्टी कमकुवत असल्यामुळे ज्या मुरगळण्याने मोठ्या माणसाचा अस्थिबंध ताणला जातो, त्याच मुरगळण्याने अकरा वर्षांच्या मुलाची पट्टीच सरकू शकते, आणि पहिल्या एक्स-रेमध्ये ती इजा दिसेलच असे नाही. घोट्याच्या हाडावरच बोट दाबल्यावर मूल कळवळत असेल किंवा चार पावलेही टाकू शकत नसेल, तर अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवलेच पाहिजे. अशी इजा नजरेआड झाली तर हाड आखूड राहू शकते किंवा वाकडे वाढू शकते.

मालिशीचा सल्ला तर मला सर्वांत धोकादायक वाटतो. कबड्डीत किंवा खो-खोत हात टेकून पडलेल्या मुलाचा कोपर सुजला की आजही अनेक घरांत आधी हाडवैद्याकडे धाव घेतली जाते, तो कोपर चोळून बसवतो आणि बांबूच्या कामट्या लावून आवळून बांधतो. दुखावलेल्या कोपराला जोराने चोळल्याने स्नायूंमध्ये हाड तयार होण्याचा धोका असतो. मग कोपर धड सरळही होत नाही आणि वाकतही नाही. घट्ट बांधण्याचे परिणाम याहून भयंकर असतात, कारण आतल्या सुजेला जागा न मिळाल्याने रक्तपुरवठा तुटतो, काही तासांतच हाताचे स्नायू मरू लागतात आणि बोटे कायमची आकडलेली राहू शकतात. बांधलेल्या हाताची बोटे थंड किंवा फिकी पडली, किंवा ती हलकेच सरळ करतानाही मूल किंचाळू लागले, तर पट्टी ताबडतोब सोडून रुग्णालय गाठावे. सकाळपर्यंत थांबू नये.

'वाढीचे दुखणे आहे, दुर्लक्ष करा' हाही त्याच संदेशातला सल्ला आहे. वाढीच्या वयातले निरुपद्रवी दुखणे दोन्ही पायांत असते, संध्याकाळी किंवा रात्री येते, सकाळी नाहीसे होते आणि मूल लंगडत नाही. एकाच गुडघ्याखालच्या हाडाचा उंचवटा उडी मारताना दुखत असेल, किंवा धावल्यावर टाच दुखत असेल, तर तो वाढीच्या जागेवर पडणारा ताण असतो; बहुधा सराव कमी करून आणि मांडी-पोटरीचे व्यायाम करून तो आटोक्यात येतो. किशोरवयीन वेगवान गोलंदाजाची कंबर मात्र मी कधीच हलक्यात घेत नाही. पाठीमागे वाकताना एकाच बाजूला, विशेषतः गोलंदाजीच्या हाताच्या विरुद्ध बाजूला कळ येत असेल, तर मणक्याला ताणाची भेग गेलेली असू शकते. ती वेळीच सापडली तर काही महिन्यांच्या विश्रांतीने भरून येऊ शकते, पण दुखणे दाबून गोलंदाजी चालू ठेवली तर कायमची राहू शकते.

दुखणे थांबले की उतरवा, या मुद्द्यावर एक प्रसंग सांगते. खो-खो खेळणारी तेरा वर्षांची एक मुलगी घोटा मुरगळल्यानंतर तीन आठवड्यांनी आली. सूज नव्हती, दुखतही नव्हते, आणि चार दिवसांनी सामना होता. मी तिला चांगल्या पायावर उभी राहून डोळे मिटायला सांगितले, तेव्हा ती स्थिर उभी राहिली. दुखावलेल्या पायावर मात्र तिचे पाऊल लगेच थरथरू लागले आणि तिने टेबलाची कड धरली. अस्थिबंध ताणला गेला की सांध्याची स्थिती मेंदूला कळवणारी यंत्रणाही बिघडते, आणि ती विश्रांतीने नव्हे तर तोल सांभाळण्याच्या सरावाने सुधारते. खांबाजवळ वळताना हा पाय तिला दगा देणार होता. गुडघ्यातल्या एसीएल अस्थिबंधाच्या शस्त्रक्रियेनंतर तर साधारण नऊ महिन्यांच्या आत आणि दोन्ही पायांची ताकद जवळपास सारखी झाल्याशिवाय सामन्यात उतरू नये असे सांगितले जाते, कारण तोच अस्थिबंध पुन्हा तुटण्याचा धोका तरुण खेळाडूंनाच अधिक असतो.

'आमच्या काळी' म्हणणाऱ्यांना त्याच काळातले एक उदाहरण देते. 1973 मध्ये ऑस्ट्रेलियाचे वेगवान गोलंदाज डेनिस लिली यांच्या पाठीत ताणाच्या भेगा पडल्या, तेव्हा त्यांना प्लॅस्टरमध्ये राहावे लागले आणि पुढे शारीरिक शिक्षणतज्ज्ञ फ्रँक पाइक यांच्या मार्गदर्शनाखाली आखीव व्यायाम करून ते 1974-75 च्या इंग्लंडविरुद्धच्या ॲशेस मालिकेत परतले. शिवाय त्या काळी मुले ऋतूप्रमाणे खेळ बदलत. आज दहा वर्षांचे मूल बारा महिने एकच खेळ खेळते आणि त्याच त्या सांध्यावर ताण घेते.

धंद्याचा आरोप मात्र मी सरसकट फेटाळणार नाही. महिनाभर रोज यंत्राचा शेक देऊन एकही व्यायाम न शिकवणारे उपचार मीही पाहिले आहेत, आणि त्यांवर खर्च करू नये असेच मी पालकांना सांगते. खरचटणे, मुका मार किंवा दोन दिवसांत ओसरणारा लचका यांसाठी तर कोणाकडेही जाण्याची गरज नसते. त्या मुलीला तीन भेटींत पुरतील एवढे व्यायाम दिले होते: भिंतीला हात लावून टाचा उचलणे, घडी केलेल्या सतरंजीवर एका पायावर उभे राहून चेंडू झेलणे, आणि शेवटी अंगणात खडूने आखलेल्या चौकटींत लंगडी. तो सामना ती खेळली नाही. पाच आठवड्यांनी तिने डोळे मिटून दोन्ही पायांवर सारखाच वेळ तोल सांभाळला, तेव्हा मी तिच्या सरांना फोन करून तिला सरावाला घ्यायला सांगितले.