नीट झाली, फिजिक्स सुटलं!

अभिनंदन! 180 प्रश्नांतले फिजिक्सचे 45 कसेबसे निस्तरले, कॉलेज मिळालं, पेढेही वाटून झाले. आता पहिलं काम करा, फिजिक्सची पुस्तकं रद्दीत घाला. रद्दीवाला काट्यावर टाकून 'वजन सहा किलो' म्हणेल. किलो हे वस्तुमानाचं माप, वजन न्यूटनमध्ये सांगतात, असं काही ओठांवर आलंच तर जीभ चावा. सवय एकदम जात नाही.

मेसमध्ये रोज एकदा म्हणत जा, "डॉक्टरला न्यूटन कशाला हवा? आपण माणसं बरी करणार, उतारावरून ठोकळे थोडेच घसरवणार!" टाळ्या मिळतात.

वॉर्डात गेलात की बीपी घ्याल. पेशंटचा हात खाली लोंबकळतोय? लोंबकळू द्या. पट्टा हृदयाच्या पातळीपेक्षा 10 सेंटिमीटर खाली असला, की मधल्या रक्ताच्या स्तंभाचा दाब मिळून आकडा साधारण 8 ने फुगतो. पण स्तंभ, घनता, उंची हे सगळं अकरावीतलं, आणि अकरावी तर कधीच संपली. आजोबांना गोळी लिहून द्या. गोळीने आकडा उतरेल, हात तिथेच राहील.

अपघाताचा पेशंट आला, रक्त भरपूर गेलंय, सलाइन भराभर द्यायचंय. अशा वेळी ट्रेमध्ये जी सुई हाताला लागेल ती घ्या. गुलाबी दिसायला छान असते. शिवाय ती 20 नंबरची आणि राखाडी 16 ची, म्हणजे गुलाबीच मोठी, नाही का? (नंबर वाढला की सुई बारीक होते, हे सांगणारी सिस्टर नेमकी चहाला गेलेली असते.) नळीची त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाह निम्मा होत नाही, सोळावा हिस्सा उरतो. हा नियम प्वाझय नावाच्या फ्रेंच माणसाचा. तो पेशाने डॉक्टर होता, आणि 1828 मध्ये त्याने प्रबंध लिहिला तो पाऱ्याच्या नळीने रक्तदाब मोजण्यावर. एवढा शिकलेला डॉक्टर, आणि नळ्या मोजत बसला! तुम्ही त्याच्या वाटेला जाऊ नका. सलाइन हळू चाललंय? बाटली आणखी उंच धरायला नातेवाइकांना सांगा, त्यांनाही काहीतरी केल्याचं समाधान मिळतं.

फिजिओथेरपीवाल्यांनी तर निश्चिंत असावं. उजवा खुबा दुखतोय ना, मग काठी उजव्याच हातात द्या. डाव्या हातात दिली तर भार कमी का होतो, हे समजावायला बलाचा आघूर्ण काढावा लागतो. तो शब्दसुद्धा नको.

एक्स-रेच्या खोलीबाहेर मात्र घाबरून पळा. बटण सुटताच किरण थांबतात, भिंतींत मुरून बसत नाहीत, हे कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आणि एमआरआयच्या खोलीत अगदी निर्धास्त शिरा. ठकठक आवाज थांबला म्हणजे मशीन बंद, असं सगळेच म्हणतात. आवाज थांबला तरी तो चुंबक चालूच असतो, रात्रंदिवस. 2018 च्या जानेवारीत मुंबईच्या एका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन त्या खोलीत गेलेला एक तरुण जिवंत बाहेर आला नाही. त्याने नीट दिलेली नव्हती. तुम्ही दिली आहे.

असो. साडेपाच वर्षं अशीच आनंदात काढा. मग पीजीची परीक्षा द्या, वरचा नंबर काढा, आणि सगळे टॉपर करतात तेच करा, रेडिओलॉजी घ्या. नाइट ड्यूटी कमी, पैसा बरा, आणि पेशंटची कटकट नाही. फक्त तिथे एक्स-रे कसे तयार होतात, अल्ट्रासाउंड हाडावरून का परततो, असं काहीबाही परीक्षेत विचारतात. रद्दीवाल्याचा नंबर ठेवलाय ना?