फ्रेशर म्हणायचं आणि अनुभव मागायचा, हा काय न्याय झाला?

जाहिरातीत ठळक अक्षरांत लिहायचं, 'नेटवर्क सपोर्ट, 0 ते 1 वर्ष, फ्रेशर्स वेलकम' आणि पोरगं समोर येऊन बसलं की विचारायचं, "रिअल टाइम एक्सपिरियन्स किती?" अहो, शून्य! तुम्हीच छापलंय ना शून्य?

मागच्या आठवड्यात हिंजवडीत हेच झालं. सीसीएनए, म्हणजे सिस्को कंपनीची नेटवर्किंगची परीक्षा, झालीय म्हटल्यावर इंटरव्ह्यू घेणाऱ्या साहेबांनी मला अर्धा तास पिळून काढलं. ट्रंक पोर्ट आणि ॲक्सेस पोर्टमधला फरक, ओएसपीएफमध्ये शेजारी राउटर फुल स्टेटला का येत नाही, /27 मध्ये होस्ट किती. सगळं सांगितलं, कागदावर काढून दाखवलं. मान डोलावत होते. मग रेझ्युमे उलटा करून पाहिला आणि म्हणाले, "पण प्रॉडक्शनवर, म्हणजे कंपनीच्या चालू नेटवर्कवर, काम नाही केलेलं. एचआर कळवतील." काम काय होतं तर एल-वन, म्हणजे सपोर्टची सगळ्यात खालची पायरी. तिकीट उघडायचं, पिंग मारायचं, पासवर्ड रीसेट करून द्यायचा, केबल तपासायची, नाही जमलं तर एल-टूकडे पाठवायचं. एवढ्याला प्रॉडक्शनचा अनुभव हवा? तुम्ही कुणी कामच देणार नाही तर तो येणार कुठून? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

ही परीक्षा फुकटात होत नाही. 300 डॉलर, वर 18 टक्के जीएसटी. घरून आलेले सोयाबीनचे पैसे होते ते. आणि सर्टिफिकेट चालतं तीनच वर्षं. म्हणजे मी इथे कॉट बेसिसवर राहून नोकरी शोधतेय आणि तिकडे त्याची मुदत संपत चाललीय. तीन वर्षांनी पुन्हा परीक्षा, पुन्हा पैसे.

आणि खरा संताप या क्लासवाल्यांवर आहे. '100 टक्के प्लेसमेंट'चा बोर्ड लावायचा, फी एकरकमी घ्यायची, लॅबला राउटर मोजून दोन, त्यातला एक बंद. पोरं घरी पॅकेट ट्रेसरवर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या नकली नेटवर्कवर, शिकतात, तेही फुकट मिळतं म्हणून. परीक्षा जवळ आली की व्हॉट्सॲपवर डंपची, म्हणजे परीक्षेतल्या फुटलेल्या प्रश्नोत्तरांची, पीडीएफ येते, 'एवढं पाठ करा, पास व्हाल'. काही जण होतातही पास. मग तेच पोरगं इंटरव्ह्यूला जाऊन सबनेटिंगवर, म्हणजे नेटवर्कचे छोटे भाग पाडायच्या गणितावर, अडखळतं, कंपनीवाला ठरवून टाकतो की या सर्टिफिकेटला काही अर्थ नाही, आणि अनुभव मागायला लागतो. ज्यांनी रात्र रात्र जागून अभ्यास केला त्यांच्या पदरी काय? तेच 'कळवतो'.

पुढचं तर ऐकाच. अनुभव मागतात अशी तक्रार घेऊन गेलं की हाच क्लासवाला केबिनमध्ये बोलावून दार लावतो. "दोन वर्षांचं लेटर करून देतो, सॅलरी स्लिपसकट. सगळेच करतात." त्याचे पैसे वेगळे! आधी डंप विकून सर्टिफिकेटची किंमत घालवायची आणि त्यामुळे जी अडचण झाली तिच्यावर खोट्या अनुभवाचा इलाज विकायचा. दोन्हीकडून यांचीच कमाई. उद्या कंपनीने बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन केलं, यूएएनवर, म्हणजे पीएफच्या कायमच्या नंबरवर, पीएफची नोंदच नाही हे दिसलं, की घरी बसणार कोण? पोरगं. क्लासवाला तोवर पुढच्या बॅचची फी मोजत असतो.

मी नाही म्हटलं. पण माझ्या बॅचमधला एक जण ते लेटर लावून आज कामावर आहे, आणि रात्री मला फोन करून विचारतो, व्हीलॅन कसं टाकायचं, म्हणजे एकाच स्विचवर वेगवेगळी नेटवर्क कशी करायची. सांगते मी, कारण त्याच्यावर राग नाही माझा. त्याच्या घरी कर्ज आहे. राग आहे तो खरं बोलणाऱ्याला दारातून परत पाठवणाऱ्यांवर.

आणि जाहिराती लिहिणाऱ्यांनी निदान आपण काय मागतोय ते तरी बघावं. परवा एका फ्रेशरच्याच जागेला 'एमसीएसई कंपल्सरी' होतं. मायक्रोसॉफ्टने आपलं हे सर्टिफिकेट 31 जानेवारी 2021 ला बंद केलंय! आत्ता पास झालेल्या पोराने ते कुठून पैदा करायचं?

शून्य लिहिलंत तर शून्यवाल्यांना घ्या. पंधरा दिवस खऱ्या स्विचसमोर बसवा, प्रॅक्टिकल घ्या, नाही जमलं तर सरळ नाही सांगा. आणि दोन वर्षांचाच माणूस हवा असेल तर जाहिरातीत दोन लिहा.