रॉकेट बघायचं तर बुडाकडून बघा

लेक अमेरिकेत ऑरलँडोला असली की बेळगावात परतल्यावर पहिला प्रश्न ठरलेला. "डिस्ने बघितलं काय हो?" नाही बघितलं. बायको आणि नातवंडं बघून आली, घरातला तेवढा कोटा पुरे झाला. मी जावयाला आधीच सांगितलं होतं, मला नासा जिथून रॉकेटं सोडते ते केनेडी स्पेस सेंटर दाखव, बाकी कुठं नेलं नाहीस तरी माझी तक्रार नाही. तो बिचारा दुपारपर्यंत बरोबर फिरला आणि मग कॅन्टीनमध्ये जाऊन बसला. त्याला दोष देत नाही. तो कॉम्प्युटरवाला, मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतला. लेथवर सुरुवात केली, पुढं स्वतःची शेड टाकली, आज हायड्रॉलिक पंपांच्या बॉड्यांचं जॉबवर्क करतो. आम्हा दोघांना एकाच वस्तूत वेगवेगळं दिसणार.

फोटो टाकीनच. पण फोटो टाकले की खाली "अभिमान वाटला" आणि हात जोडलेले पंजे येणार, म्हणून आधी हे लिहितोय. माझं मत असं आहे की रॉकेट ही अभिमान वाटून घ्यायला बघायची वस्तूच नव्हे. ती काम म्हणून बघायची. आणि ती सगळ्यात आधी दाखवायची असेल तर आयटीआयच्या पोरांना आणि शेडमधल्या हेल्परला दाखवायची. डॉक्टर-इंजिनिअर होणारी पोरं काय, कसंही करून बघतीलच.

तिथं एका प्रचंड हॉलमध्ये सॅटर्न-५, म्हणजे अपोलो मोहिमांत माणसं चंद्राकडं नेणारं रॉकेट, आडवं ठेवलंय. ११० मीटर लांब. आत सोडण्याआधी कंट्रोल रूमची जुनी टेबलं मांडलेल्या खोलीत अपोलो-८ च्या उड्डाणाचा देखावा होतो, दिवे लागतात, काचा थरथरतात. ठीक आहे, लहान मुलांना मजा येते. मग दारं उघडतात आणि तुम्ही थेट रॉकेटच्या बुडाशी येता. पाच एफ-१ इंजिनं, तोंडं तुमच्याकडं. बहुतेक लोक तिथं एक सेल्फी काढतात आणि टोकाकडं चालू लागतात, कारण माणसं बसायची ती कुपी तिकडं. मी बुडाशीच थांबलो.

जे बघितलं ते आपल्या लायनीतल्यांना कळेल अशा भाषेत सांगतो. एका इंजिनाचा जोर पावणेसातशे टनांच्या घरात. पाचही मिळून सेकंदाला सुमारे १३ टन इंधन आणि द्रव ऑक्सिजन खाणार. एवढं आत ढकलायला प्रत्येक इंजिनावर एक टर्बोपंप, म्हणजे टर्बाइननं फिरणारा पंप, ५५,००० हॉर्सपॉवरचा. पुन्हा वाचा. पंप ५५,००० हॉर्सपॉवरचा! त्याच्या एका टोकाला उणे १८३ अंशांचा द्रव ऑक्सिजन आणि त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला आठशे अंशांच्या आसपासच्या गॅसवर फिरणारी टर्बाइन. आमच्याकडं उन्हाळ्यात शेड तापली की बोअरचं, म्हणजे आतल्या भोकाचं माप पाच-सहा मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) हललं म्हणून भांडणं होतात. इथं एकाच यंत्रात हजार अंशांचा फरक सांभाळून भागांमधली फट, म्हणजे क्लिअरन्स राखलाय, आणि तोही पन्नास-साठ वर्षांपूर्वी, सीएनसीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचं नाव आपल्याकडं कुणी ऐकलेलं नसताना.

इंधन कुठलं, तर शुद्ध केलेलं रॉकेल. आणि त्या रॉकेलकडून किती कामं करून घ्यावीत? टर्बोपंपाच्या बेअरिंगला वंगण तेच. बाहेरची चार इंजिनं वळवणाऱ्या सिलिंडरांत हायड्रॉलिक ऑइल म्हणूनही तेच. जळायला जाण्याआधी इंजिनाच्या भिंतीतल्या नळ्यांतून फिरून भिंत थंड करणारंही तेच. ती भिंत म्हणजे पत्रा नव्हेच, निकेलच्या मिश्रधातूच्या शेकडो नळ्या शेजारीशेजारी लावून भट्टीत ब्रेझ केलेल्या, म्हणजे मध्ये दुसरा धातू वितळवून सांधलेल्या. खाली नॉझलला वळसा घालून एक जाडजूड पाइप येतो, तो टर्बाइनचा धूर नॉझलच्या आत सोडतो, कारण तो धूरसुद्धा आतल्या ज्वाळेपेक्षा थंड. काही वाया घालवायचं नाही, हा हिशेब मला फार आवडला. आपले जुने मिस्त्री असंच करायचे.

या इंजिनाची आणखी एक गोष्ट पोरांना सांगण्यासारखी आहे. सुरुवातीला आतला भडका एकसारखा जळेना. हेलकावे घ्यायचा आणि बघता बघता इंजिनाच्या चिंधड्या. कागदावर गणित करून सुटेना. तेव्हा त्यांनी चालू इंजिनात मुद्दाम छोटे बॉम्ब उडवायला सुरुवात केली, भडका बिथरवायचा आणि तो आपोआप शांत होतो का बघायचं. इंधन फवारायच्या भोकांची मापं बदला, मधले आडवे पडदे बदला, पुन्हा बॉम्ब. असं करत करत भडका सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात ताळ्यावर येईपर्यंत नेलं. थोडक्यात, रिजेक्शनचा ढीग लावला तेव्हा एक जॉब पास झाला. हे ऐकून मला फार बरं वाटलं, कारण आमच्याकडं दोन कास्टिंगमध्ये ब्लो होल (ओतकामातली हवेची पोकळी) निघालं की पार्टी, म्हणजे गिऱ्हाईक, फोनवर तासभर ऐकवते.

आता गंमत बघा. हे रॉकेट तिथं का आहे? कारण त्याला काम मिळालं नाही. सॅटर्न-५ तेरा वेळा उडालं, १९६७ ते १९७३. जी उडाली त्यांचे पहिले टप्पे अटलांटिकच्या तळाशी गेले (त्यातली काही इंजिनं २०१३ साली समुद्रातून काढली, त्यात अपोलो-११ चंही एक निघालं). पुढच्या चंद्रमोहिमा रद्द झाल्या म्हणून तयार माल शिल्लक राहिला. केनेडीमधल्या रॉकेटचा पहिला टप्पा तर चाचणीसाठीच बनवलेला, वरचे दोन न उडालेल्या रॉकेटचे. अशी तीन सॅटर्न-५ आज बघायला मिळतात, इथं, ह्यूस्टनला आणि हंट्सविलला. आणि अमेरिकावाल्यांचं फार कौतुक नको, हेच रॉकेट त्यांनी वीसेक वर्षं उघड्यावर उन्हापावसात टाकलं होतं. छप्पर मिळालं १९९६ साली.

पण टाकलं तरी भंगारात दिलं नाही, हा फरक. आणि त्याचा उपयोग काय झाला ते ऐका. २०१३ साली हंट्सविलला नासाच्या तरुण इंजिनिअरांनी जपून ठेवलेलं एफ-१ उघडलं, भाग मोजले आणि त्याचा गॅस जनरेटर, म्हणजे टर्बाइनसाठी गरम गॅस बनवणारा भाग, पुन्हा पेटवून बघितला. ड्रॉइंग होती की त्यांच्याकडं! तरी इंजिन उघडावं लागलं, कारण वेल्डरनी हातानं केलेल्या कितीतरी गोष्टी ड्रॉइंगवर आल्याच नव्हत्या. ती माणसं रिटायर झाली, काही गेली, त्यांच्या हातातलं ज्ञान फक्त त्या धातूत उरलं होतं. म्हणून मी म्हणतो, खरी वस्तू ठेवा. फायबरचं मॉडेल उघडून कुणाला काय शिकायला मिळणार?

अटलांटिस या स्पेस शटलचा, म्हणजे पुन्हा पुन्हा अंतराळात जाऊन येणाऱ्या यानाचा हॉल वेगळा. ते ३३ वेळा जाऊन आलंय आणि ते दिसतं. काळ्या टाइलांवर ओघळ आहेत, पांढऱ्यावर डाग आहेत. घासूनपुसून चकाचक केलं नाही याबद्दल त्या लोकांना माझा नमस्कार. २००७ साली सुनीता विल्यम्स याच यानातून पृथ्वीवर परत आली, हे मी जावयाला सांगितलं तर तेवढ्यापुरता तो कॅन्टीनमधून उठून आला.

त्याच इमारतीत खाली एक शांत भाग आहे, तिथं अपघातात गेलेल्या दोन शटल यानांपैकी चॅलेंजरच्या बाजूचा एक तुकडा आणि कोलंबियाच्या खिडक्यांच्या चौकटी ठेवल्यात. दोन्हींत मिळून चौदा माणसं गेली. आपली कल्पना चावलाही त्यात. कोलंबिया का फुटलं ते बहुतेकांना माहीत असतं, टाकीवरचा फोम निघून पंखावर बसला. पण मला जास्त लागलं ते चॅलेंजर. २८ जानेवारी १९८६, थंडीची सकाळ, बूस्टरच्या, म्हणजे यानाला जोडलेल्या रॉकेटच्या सांध्यातली ओ-रिंग (गॅस गळू नये म्हणून बसवलेली रबरी कडी) गारठून कडक झाली आणि तिनं सांधा धरला नाही. ओ-रिंग! आमच्या स्टोअरमध्ये डबे भरून पडलेल्या असतात. मापात बसली की झालं, असं म्हणून आम्ही लावतो. रबर कुठल्या तापमानाला चालतं हे विचारणारा हेल्पर मला अजून भेटायचाय, आणि खरं सांगायचं तर विचारणारे मालकही कमीच. इंजिनिअरांनी आदल्या रात्री सांगितलं होतं, एवढ्या थंडीत उडवू नका म्हणून. वरच्यांनी ऐकलं नाही. ही गोष्ट शेडमध्ये भिंतीवर लिहून ठेवायच्या लायकीची आहे, "सुरक्षा प्रथम" च्या फिक्या पाटीपेक्षा.

आणि बसमधून तो क्रॉलर दाखवतात, रॉकेट पाठीवर घेऊन लाँच पॅडपर्यंत ताशी मैलभराच्या वेगानं जाणारा. तो बनवला कुणी, तर खाणीत उपसा करणारी अवाढव्य यांत्रिक फावडी बनवणाऱ्या ओहायोतल्या कंपनीनं. त्याच्या पट्ट्यांचे शू, म्हणजे जमिनीवर टेकणाऱ्या पाट्या, एकेक टनाच्या घरातलं कास्टिंग, एकूण ४५६. बसमधले बाकीचे लोक रॉकेट जोडतात त्या उंच इमारतीचे फोटो काढत होते, मी एकटाच मान वाकडी करून शू बघत होतो.

परत आल्यावर शेडमधल्या पोरानं विचारलं, "काय बघितलासा मालक अमेरिकेत?" सांगितलं सगळं. त्यानं शेवटी विचारलं, "आपलं कुठं बघायला मिळतंय?" तिथं मी अडखळलो नाही, उत्तरं आहेत. राकेश शर्मा ज्या रशियन सोयूझ यानाच्या कुपीतून १९८४ मध्ये परतले ती दिल्लीच्या नेहरू तारांगणात आहे. बेळगावहून दिल्लीला सहली जातात, लाल किल्ला होतो, कुतुबमिनार होतो, खरेदीला करोल बाग होतं. होरपळून आलेली खरी कुपी तेवढी राहते. केरळात तिरुवनंतपुरमजवळ थुंबाला मच्छीमारांच्या वस्तीतलं मेरी मॅग्डलीन चर्च आहे, तेच आपल्या रॉकेटवाल्यांचं पहिलं ऑफिस होतं. २१ नोव्हेंबर १९६३ ला तिथून पहिलं रॉकेट गेलं, तेही अमेरिकन नाइके-अपाची, आणि सुटे भाग सायकलवरून नेल्याचा फोटो सगळ्यांनी बघितलेला आहे. आज त्या चर्चमध्ये म्युझियम आहे. सायकलवर हसणाऱ्यांना एकच आठवण करून देतो, लक्ष्मणराव किर्लोस्करांनीही बेळगावात सायकलच्या दुकानापासूनच सुरुवात केली होती.

आणि आर्यभट्ट, आपला पहिला उपग्रह? जुन्या दोन रुपयांच्या नोटेच्या मागं होता तो. ३६० किलोचा तो उपग्रह घडला कुठं, तर बंगळूरच्या पीण्या इंडस्ट्रियल एस्टेटमध्ये, पत्र्याच्या शेडमध्ये. नेतृत्व उडुपीकडच्या यू. आर. रावांचं. १९ एप्रिल १९७५ ला रशियातून उडाला. पीण्यात आपली निम्मी पोरं नोकरीला आहेत, त्यातल्या कुणाला हे कुणी सांगितलंय? चांद्रयान-३ उतरलं त्या संध्याकाळी आम्ही फटाके उडवले. त्यात आपल्याच उद्यमबागेत बनलेले भाग गेल्याच्या बातम्याही आल्या, पेढे वाटले, दोन दिवसांत विषय संपला. तो भाग कसा बनला, माप काय होतं, तपासलं कसं, हे बघायला एक तरी शाळा त्या वेळी एखाद्या शेडमध्ये यायला हवी होती की नाही? आमच्या शेडचं दार उघडं होतं, अजून आहे.

सहलीचं तर बोलूच नये. गोव्याचा बीच, नाहीतर वॉटर पार्क. गोकाकला नेतात, धबधब्यासमोर फोटो. तिथंच १८८७ साली पाण्यावर वीज तयार झाली, ते कुणी थांबून सांगत नाही. एका मास्तर मित्राला हे म्हटलं तर तो म्हणाला, "पोरं सगळं मोबाईलवर बघतात की, चांद्रयानसुद्धा." बघतात. पण मोबाईलवर वेल्डचा मणी दिसत नाही, वस्तूचा आकार अंगावर येत नाही, आणि हे कुणीतरी हातानं केलंय हे तर अजिबात कळत नाही. अपोलोच्या कामाला चार लाख माणसं लागली होती. त्यातले अंतराळवीर मोजकेच. बाकीच्यांत टर्नर होते, वेल्डर होते, शिवणकाम करणाऱ्या बायकाही होत्या, स्पेससूट त्यांनी शिवले. आमच्या शेडमध्ये मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणारी पोरं आहेत, दहावी-बारावीनंतर थेट मशीनवर आलेली. रॉकेट हे आपलं क्षेत्र नाही, ते आयआयटीवाल्यांचं, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय. हे कुणी बसवलं? आपणच. दरवेळी पडद्यावर कंट्रोल रूममधल्या टाळ्या दाखवून.

तर ठरवलंय असं. दिवाळीत शेड बंद असते, तेव्हा पोरांना घेऊन थुंबाला जायचं. पूर्णा एक्स्प्रेसनं एर्नाकुलम, तिथून पुढं तिरुवनंतपुरम. म्युझियम कुठल्या दिवशी उघडं, कागदपत्रं काय लागतात, याची चौकशी मी करतोय. स्लीपरनं जायचं, खर्च शेडचा. घरून येताना डबा आणायचा, कारण पहिल्या दिवशी सगळ्यांना भाकरी लागते आणि दुसऱ्या दिवशी कुणालाच सांबार नको असतं. शेजारच्या शेडवाल्यांना आपली पोरं पाठवायची असतील तर या आठवड्यात नावं कळवा. पोरांची नावं. "त्यांना सुट्टी देता येणार नाही, मीच येतो" असं म्हणणाऱ्या मालकांनी आपलं तिकीट आपण काढावं.